काळीज कुठं असतं

मराठी भाषेने एक गोंधळ करून ठेवला आहे आणि तो निस्तरायची जबाबदारी कुणावरच टाकलेली नाही. काळीज म्हणजे नेमकं काय? प्रेमात पडलेल्याला विचारा, तो छातीच्या डाव्या अंगाला हात लावील. मटणवाल्याला विचारा, तो लिव्हर तोलून देईल. दोघंही खरंच बोलतात. एरवी यात कुणाचं काही अडत नाही, पण लोणी काळभोरच्या यमुनाबाईंची मात्र या एका शब्दापायी पाच वर्षं गेली.

यमुनाबाई विश्रांतवाडीत मुलाकडे राहत. मुलगा दत्तप्रसाद खराडीच्या एका आयटी कंपनीत, सून भाग्यश्री कल्याणीनगरच्या दुसऱ्या एका कंपनीत, आणि नात शर्वरी सीनियर केजीत. तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. बिल्डरने लिफ्टसाठी जागा सोडली होती, लिफ्ट बसवायची तेवढी राहून गेली. त्या जागेत आता सोसायटीच्या सायकली आणि एक मोडका पाळणा असे.

घरात जेवायला टेबल होतं, चार खुर्च्या होत्या. माणसंही चारच. तरी यमुनाबाई जेवायच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, पाट मांडून. त्यांचं ताट वेगळं, पेला वेगळा, भांडी घासायची घासणीसुद्धा वेगळी. तिघांचं जेवण उरकलं की मग त्या आपलं वाढून घेत. आतून टीव्हीचा आवाज यायचा, शर्वरीचं खिदळणं यायचं. ही बाई तीस वर्षं लोणीहून टेम्पोने मंडईत भाजी आणत होती. तिथे दुपारी चौघीजणी एका फडक्यावर भाकऱ्या टाकत, कुणाची चटणी कुणाच्या भाकरीवर जाई ते कळत नसे. माणसांच्या गलक्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नसे, ती आता वाळत घातलेल्या जीन्सच्या पँटींकडे बघत जेवत होती. त्यांना फार एकटं वाटायचं. पण हे सांगायचं कुणाला, आणि कुठल्या तोंडाने? वेगळं ताट तर त्यांनी स्वतःच मागितलं होतं.

झालं असं की २००६ साली, शर्वरीच्या जन्माआधी महिनाभर, यमुनाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नातवंडाचं तोंड लख्ख दिसायला हवं, ही त्यांचीच हौस. ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि केसपेपरवर लाल शिक्का बसला. डॉक्टर दत्तप्रसादशी इंग्रजीत बोलले. यमुनाबाई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत बसल्या. परत येताना रिक्षात त्यांनी विचारलं,

"काय निघालं रं?"

"काही नाही गं. पांढरी कावीळ म्हणतात ना, तिचे जंतू आहेत रक्तात. जुने आहेत. गावाकडे इंजेक्शनं घ्यायचात ना सगळे एकाच सुईने, त्यातून आले असतील."

"कावीळ? मी कुठं पिवळी झालेय?"

"ही तशी नाही. ही लिव्हरमध्ये गप बसून राहते."

"लिव्हर म्हंजी?"

दत्तप्रसाद सायन्सचा विद्यार्थी. यकृत हा शब्द त्याला ठाऊक होता. पण आईला यकृत सांगून आणखी दोन प्रश्न ओढवून घ्यायचे, त्यापेक्षा त्याने सोपा शब्द काढला.

"काळीज गं. काळीज."

यमुनाबाईंनी छातीवर हात ठेवला. डाव्या बाजूला. दत्तप्रसादचं लक्ष नव्हतं, त्याचा मोबाइल वाजत होता. तो बोलून होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग त्यांनी विचारलं, "लागती का ती दुसऱ्याला?"

"रक्तातून लागते. सुईबिईतून. एरवी तसं काही नाही." एवढ्यावर तो थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण घरी आठ महिन्यांची गरोदर बायको होती. त्याने पुढे जोडलं, "पण आपली काळजी घेतलेली बरी."

पुण्यातली सगळी नाती या 'पण'वर चालतात. त्याच्या आधीचं बोलणं सौजन्य म्हणून असतं, खरं काय ते नंतर येतं, हे यमुनाबाईंनाही मुलाकडे राहून कळलं होतं. त्यांनी त्याच दिवशी आपलं ताट वेगळं काढलं. दत्तप्रसाद म्हणाला, "अगं, एवढं कशाला?" पण ताट परत मांडणीत ठेवलं नाही. त्याने आणि भाग्यश्रीने लसीच्या तीन-तीन सुया टोचून घेतल्या. शर्वरीला तर जन्मल्या दिवशीच टोचली. दोघंही निर्धास्त झाले. यमुनाबाईंना मात्र यातलं कुणी काही सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. राहून गेलं.

बाळाला न्हाऊमाखू घालायला बाहेरची बाई ठेवली. यमुनाबाई दारात उभ्या राहून सांगायच्या, "पायाला वरनं खाली चोळ. टाळूवर तेल जिरव. आगं, मान धर." ती बाई वैतागून म्हणायची, आजी, तुम्हीच या की. यमुनाबाई म्हणायच्या, माझं हात दुखत्यात. पुढे पोरगी रांगायला लागली, चालायला लागली, आजीच्या अंगावर झेपावायला लागली, आणि आजीने तिला शिकवलं, आजीला मुका द्यायचा नाही, आजीच्या पेल्यातलं प्यायचं नाही, आजीच्या अंथरुणात शिरायचं नाही. शिकवणारी तीच आणि शिकवून झाल्यावर गॅलरीत जाऊन पदर तोंडात कोंबणारीही तीच. भाग्यश्री वाईट होती असं कुणी समजू नये. पहिलं वर्षभर तिला हे सगळं खटकायचं. मग सवय झाली. सवय झाली की माणसाला लाज वाटेनाशी होते, त्याला भाग्यश्री तरी काय करणार!

आता आजार म्हटला की तो सांभाळायलाच हवा, आणि या घराने काळीज फारच छान सांभाळलं. दर सहा महिन्यांनी लिव्हरचे डॉक्टर, दर वेळी रक्त, वर्षातून एकदा सोनोग्राफी. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, इथे घरातल्या सगळ्यांनाच फक्त कावीळ दिसत होती. यमुनाबाईंना थकवा आला, काविळीमुळे. भूक मेली, काविळीमुळे. दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कधी नव्हे तो कोलेस्टेरॉल तपासला, तो जास्त निघाला, त्यांनी रोजची एक गोळी लिहून दिली. दत्तप्रसादने इंटरनेटवर वाचलं की या गोळीने म्हणे लिव्हरवर ताण येतो. आईच्या लिव्हरवर ताण कशाला, म्हणून त्याने गोळी बंद केली. लिव्हरच्या डॉक्टरांना विचारावं हे त्याला सुचलं नाही. त्याने ते प्रेमानेच केलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

यमुनाबाईंच्या दिवसात एकच गोष्ट होती जिच्यासाठी त्या सकाळी उठत. दुपारी पाऊण वाजता शर्वरीची शाळेची व्हॅन गेटशी यायची. तिला घरी आणायचं काम आजीकडे होतं. पहिल्या दिवशी भाग्यश्री घाईघाईत बूट घालता घालता म्हणाली होती, "आणि हात सोडू नका हं आई, आळंदी रोडची वाहनं आत वळतात." ती निघून गेली. आपण सासूला केवढं दान देऊन चाललो आहोत हे तिच्या ध्यानातही आलं नाही. हात सोडू नका! गेटपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत तो घामेजलेला, खडूने माखलेला एवढासा हात यमुनाबाईंच्या हातात असायचा. एकूण पाच मिनिटं. जिना चढताना त्या मुद्दाम हळू चढत, म्हणजे सहा व्हायची.

गौरी-गणपती उरकले आणि एके दिवशी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्या छातीत कळ आली. डावीकडून निघून जबड्यापर्यंत गेली. कठडा धरून त्या उभ्या राहिल्या. दोन मिनिटांनी कळ ओसरली. चार दिवसांनी पुन्हा आली. मग रोज येऊ लागली. चढताना यायची, बसलं की जायची.

यमुनाबाईंना शंका अशी नव्हतीच. जिथे आजार बसला आहे असं मुलाने सांगितलं होतं, बरोब्बर तिथेच दुखत होतं. पाच वर्षं गप्प बसलेली कावीळ काळजात जागी झाली होती. मरणाची त्यांना फारशी भीती नव्हती. नवरा गेला होता, शेत धाकट्या दिरांकडे होतं, मुलगा मार्गी लागला होता. भीती वेगळीच होती. आजार गप्प होता तेव्हा ताट गेलं, पेला गेला, पोरीचे मुके गेले. आता तो जागा झाला हे कळलं तर हातही जाणार. ती पाच मिनिटंही जाणार. म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या आता पायरीवर बसू लागल्या. शर्वरीला म्हणायच्या, "हितं आपला स्टॉप हाय. बस थांबती हितं." शर्वरीला हा खेळ आवडला. ती कंडक्टर व्हायची, तिकिटं फाडायची, वाकडेवाडीवाले, बोपोडीवाले, उतरून घ्या. तोवर आजीची कळ जिरायची. त्या मजल्यावर हेमाताई राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि दारावर 'घंटा एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही' अशी पाटी लावलेल्या. एकदा त्या दार उघडून म्हणाल्या, "रोज इथे कसली बैठक असते?" यमुनाबाई म्हणाल्या, "पोरगी खेळती." हेमाताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि दार लावून घेतलं.

ऑक्टोबरात लिव्हरच्या डॉक्टरांची तारीख होती. यमुनाबाई आदल्या दिवसापासून घाबरलेल्या. आता सगळं बाहेर येणार. डॉक्टरांनी कागद चाळले, उजव्या बरगडीखाली दाबून बघितलं आणि म्हणाले, "उत्तम. लिव्हर अगदी छान आहे. काही त्रास?"

"काई न्हाय," यमुनाबाई म्हणाल्या.

"जेवण जातं? दमायला होतं?"

"वय झालं आता, डाक्टर."

दत्तप्रसाद खूश झाला. परतताना म्हणाला, "बघ आई, काळीज एकदम ठणठणीत." यमुनाबाईंनी मान हलवली. काळीज ठणठणीत असतं तर जिन्यात दुखलं कशाला असतं? मशीन चुकलं असेल, किंवा हा रोगच बेरकी असेल, डॉक्टरसमोर दबून बसत असेल. रिक्षात त्या मुलापासून जरा सरकूनच बसल्या. एका परीने त्यांना सुटल्यासारखंही वाटलं. पाऊण वाजताचा हात वाचला होता.

पण तो वाचलेला राहणार नव्हता. दिवाळीच्या सुट्टीआधी भाग्यश्री एका संध्याकाळी दत्तप्रसादला म्हणाली, "माझ्या ऑफिसशेजारी डे केअर निघालंय. शर्वरीला तिकडेच ठेवलं तर? आई हल्ली फार थकलेल्या दिसतात." ती कळवळ्यानेच बोलत होती. गॅलरीत यमुनाबाईंचा घास हातातच राहिला. दत्तप्रसादने आतूनच हाक मारून विचारलं, "आई, तुला झेपतंय ना गं, शर्वरीचं आणणं-बिणणं?"

"न झेपाया काय झालं?" त्या म्हणाल्या. आवाज शक्य तितका ठणठणीत काढला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्टॉप बंद केला. मध्ये न बसता तिन्ही मजले चढू लागल्या.

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी जे व्हायचं ते झालं. व्हॅन आली, शर्वरी उतरली, हात हातात आला. पहिला मजला बरा गेला. दुसऱ्याच्या वळणावर छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं ओझं आलं. डावा हात बधिर झाला. यमुनाबाई पायरीवर बसल्या, आणि या वेळी कळ जिरेना. अंगातून घामाच्या धारा लागल्या. कपाळावरून, मानेवरून, आणि तळहातावरूनही. तळहातात पोरीचा हात होता. ओला झालेला तो हात बघून यमुनाबाई हादरल्या. काळजातला रोग उतू चाललाय, घामातून बाहेर पडतोय, पोरीच्या अंगाला लागतोय, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी तो हात झिडकारला.

"लांब हो," त्या म्हणाल्या. "हात लावू नगं मला."

शर्वरी पुन्हा जवळ आली, तशी त्यांनी तिला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा. पोरगी दोन पायऱ्या खाली जाऊन भिंतीला आपटली आणि तिने भोकाड पसरलं. हेमाताईंचं दार उघडलं. त्यांनी एकदा पोरीकडे बघितलं, एकदा यमुनाबाईंकडे.

"कुठे दुखतंय?"

"काळजात. जुना आजार हाय माझा. तुमी लांब ऱ्हावा, लागतो त्यो. पोरीचा हात धुवा आदी."

हेमाताईंनी दत्तप्रसादला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. बाहेर येऊन त्याने विचारलं, "कुठे दुखतंय म्हणतेय?"

"काळजात म्हणतायत."

"काळजात? मग लिव्हरचंच असणार. तिचे डॉक्टर पाचला बसतात, मी तोपर्यंत पोचतोच. आमच्याकडे पित्ताची गोळी असेल फ्रिजवर, तेवढी द्या तिला."

हेमाताईंनी एकतीस वर्षं मराठी शिकवलं होतं. पण काळजाचा अर्थ लावत बसायची ती वेळ नव्हती. समोरची बाई राखेसारखी पांढरी पडत चालली होती. "तुम्हाला पाचपर्यंत थांबायचं असेल तर जरूर थांबा," त्या म्हणाल्या. "मी यांना घेऊन निघालेय." वॉचमन आणि इस्त्रीवाला, दोघांनी मिळून यमुनाबाईंना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. शर्वरी शेजारच्या घरी राहिली. ती रडायची थांबली होती आणि आपले दोन्ही हात फ्रॉकला पुसत होती.

जवळच्याच एका हॉस्पिटलात नेलं. पण तिथेही कावीळ त्यांच्या आधी पोचली. हेमाताईंनी, फोनवर ऐकलं होतं ते, इमानदारीने सांगितलं की यांना लिव्हरचा जुना आजार आहे, आणि कागदावर तेच पहिल्या ओळीत चढलं. यमुनाबाई सारखं म्हणत होत्या, "काळीज दुखतंय, काळजाचाच आजार हाय माझा." नर्सने पोट दाबून बघितलं. सलाइनची तयारी सुरू झाली.

तिथे डॉक्टर नम्रता नावाची मुलगी ड्युटीवर होती. हिंगोलीकडची. पुण्यात येऊन तिला तीन वर्षं झाली होती आणि अजून तिच्या बोलण्याला इथले लोक हसत. तिने कागद वाचला, यमुनाबाईंचा घाम बघितला, आणि खाटेशी वाकून अगदी साधा प्रश्न विचारला. पाच वर्षांत तो कुणीच विचारला नव्हता.

"आजी, काळीज कुठं असतंय? हात ठिवून दाखवा बरं मला."

यमुनाबाईंनी मूठ आवळली आणि छातीच्या डाव्या अंगाला ठेवली.

"ईसीजी," डॉक्टर नम्रता म्हणाली. "आधी ईसीजी."

पुढचं सगळं फार भराभर झालं. हार्ट अटॅक होता. मुख्य रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद होती, ती उघडून तिच्यात जाळी बसवली. दत्तप्रसाद पोचला तेव्हा आई आत होती आणि हेमाताई बाकावर पुस्तक न उघडता धरून बसल्या होत्या. त्यांनी त्याला जागा करून दिली. पाचाला अजून पाऊण तास होता.

दोन दिवसांनी यमुनाबाईंना साध्या वॉर्डात आणलं. संध्याकाळी डॉक्टर नम्रता फेरीला आली तेव्हा खाटेच्या पायथ्याशी दत्तप्रसाद उभा होता. तिने सगळं सावकाश समजावून सांगितलं. जंतू बसलेत ते काळीज उजवीकडे, बरगडीखाली असतं, त्याला लिव्हर म्हणायचं. ते ठीक आहे. दुखलं ते हृदय. लिव्हरचा असा जुना आजार असलेल्यांनी हृदयही तपासत राहायला हवं, नुसतं एकाकडे बघत बसून चालत नाही. आणि कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करायची नसते, लिव्हरच्या डॉक्टरांशी बोलून बहुतेकांना ती देता येते. दत्तप्रसाद मान खाली घालून ऐकत होता. यमुनाबाईंनी यातलं निम्मंच ऐकलं. त्यांना एकच विचारायचं होतं.

"ह्यो हृदयाचा लागतो का कुणाला?"

"हार्ट अटॅक?" डॉक्टर नम्रता हसली. "नाही हो आजी. तो कसा लागंल?"

यमुनाबाईंचा चेहरा असा उजळला की डॉक्टर बघतच राहिली. एवढ्या मोठ्या आजाराची बातमी इतक्या आनंदाने घेणारा पेशंट तिने पाहिला नव्हता. "मंग पोरीला जवळ घेतली तर चालंल? हात धरला तर?"

"का नाही चालणार? आणि तो दुसरा, काविळीचा, तोही ताटावाटीनं लागत नाही. एकत्र जेवून नाही, मुका घेऊन नाही, घामातून तर नाहीच. रक्ताचं तेवढं सांभाळायचं. नातीला तर जन्मतानाच लस टोचली असंल." तिने दत्तप्रसादकडे बघितलं. "हो ना?"

"हो," दत्तप्रसाद म्हणाला.

"कुणी वेगळं ठिवलं होतं का काय तुम्हाला?"

यमुनाबाई म्हणाल्या, "न्हाय न्हाय. कुणी न्हाय."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेली. मायलेक दोघंच उरले. यमुनाबाईंनी मुलाकडे बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या. पण पाच वर्षांतली एकेक दुपार त्यांच्या डोळ्यांपुढून जात होती आणि ती थांबवता येत नव्हती. दत्तप्रसादने घसा साफ केला. "मी तुला म्हटलं होतं आई, तसं काही लागत नाही."

"व्हय," यमुनाबाई म्हणाल्या. "म्हनला व्हतास."

इतक्यात भाग्यश्री शर्वरीला घेऊन आली. हॉस्पिटलात लहान मुलांना सोडत नव्हते, पण तिने खाली बोलून परवानगी काढली होती. यमुनाबाई उशीला टेकून बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. असे दोन्ही हात त्यांनी या पोरीपुढे कधीच केले नव्हते. शर्वरी खाटेपासून चार हातांवर थांबली. तिने आपले हात पाठीमागे नेले.

"ये की."

शर्वरीने मान हलवली. "तू म्हणालीस हात लावू नको."

"मी चुकले गं बाई. ये."

"मग मला होईल ना ते."

"न्हाय हुनार. डाक्टरबाईनं सांगितलंय. काईच हुनार न्हाय."

शर्वरीने आईकडे बघितलं. भाग्यश्रीने 'जा' म्हणायला एक क्षण उशीर केला. फक्त एकच क्षण. पण पाच वर्षांच्या मुलांना हे क्षण बरोबर दिसतात. शर्वरी एक पाऊल पुढे आली आणि तिथेच थांबली. यमुनाबाईंचे हात अवघडले, तरी त्यांनी ते मागे घेतले नाहीत.

"आता बरं झालं का तुझं? आता नाही लागत?" शर्वरीने विचारलं.

"आगं, आदी पन लागत नव्हतं. कंदीच लागत नव्हतं."

शर्वरी विचारात पडली. मग तिने विचारलं, "मग तू गॅलरीत का जेवायचीस?"

शेजारच्या खाटेवरची बाई संत्रं सोलत होती, तिचासुद्धा हात थांबला. भाग्यश्रीने खिडकीकडे तोंड फिरवलं. यमुनाबाईंनी मुलाकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी खोडी पकडली गेली की व्हायचे तसे. इतक्या माणसांत आपल्या पोराची मान खाली जातेय, हे त्यांना बघवेना.

"तितं वारा चांगला लागतो गं," त्या म्हणाल्या. "म्हनून."

शर्वरीला ते पटलं. दत्तप्रसाद मात्र वळला आणि भराभर चालत कॉरिडॉरमध्ये निघून गेला. यमुनाबाईंना वाटलं, त्याला ऑफिसचा फोन आला असेल.